व्हॉल्व्ह कंपनीचा टाकायचा की बाहेरचा?

आयटीआय करून गॅरेजला लागलेली मुलं इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) उघडलं की हमखास विचारतात, "माल कंपनीचा आणू की बाहेरचा?" अख्ख्या हेडसाठी एकच उत्तर नसतं. एकेक पार्ट हातात घ्यायचा आणि चालू इंजिनात हा गेला तर सोबत काय काय जाईल, ते आधी बघायचं.

सगळ्यात जास्त विचार एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा करा. त्याचं डोकं सात-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. ते तुटलं तर पिस्टन गेला, हेडही गेलं. म्हणून इथे मी गिऱ्हाइकाला काटकसर करू देत नाही. २१-४एन हे एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं नेहमीचं पोलाद. त्यात साधारण २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल असतं आणि त्याला चुंबक धरत नाही. दांडी कधी कधी वेगळ्या पोलादाची वेल्ड केलेली असते, म्हणून चुंबक डोक्यालाच लावा. जुन्या ओरिजनलला धरत नव्हता आणि नव्याला गच्च धरतो, तर व्हॉल्व्ह दुकानात परत.

बाहेरचा म्हणजे हलका, असंही नाही. राणे किंवा श्रीराम पिस्टन्स गाडी बनवणाऱ्यांना व्हॉल्व्ह पुरवतात आणि बाजारातही विकतात. तो माल मी निर्धास्त टाकतो. भीती आहे ती कंपनीच्या नावाच्या नकली डब्यांची.

डबा कुठलाही असो, जुना-नवा शेजारी ठेवून मापं घ्या: दांडीची जाडी मायक्रोमीटरने, लांबी व्हर्नियरने. गाइडमध्ये, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात घालून हलवून बघा. नवा व्हॉल्व्हही डुगडुगत असेल तर गाइड गेलंय. लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर, म्हणजे सीटवर घासणं) झाल्यावर व्हॉल्व्ह, स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या वायूच्या वाटेत पेट्रोल ओता. सीटमधून पाझरलं तर हेड बसवायचं नाही.

दांडीवरून तेल आत जाऊ न देणारं व्हॉल्व्ह सील स्वस्त असतं, पण ते व्हायटनचं (उष्णता सोसणाऱ्या रबराचं) घ्या. साधं रबर उष्णतेने कडक होतं आणि सकाळी गाडी चालू करताच निळा धूर दिसतो.

कॅम आणि त्याच्या धक्क्याने व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर मात्र जोडीने बदला. घासलेला रॉकर नव्या कॅमचा लोब, म्हणजे त्याचा उंचवटा खातो. रोजच्या गाडीत रेसिंगची कडक स्प्रिंग टाकायचा हट्ट पोरं धरतात. कॅम स्टॉकच (गाडीसोबत आलेलाच) असेल आणि इंजिन नेहमीच्याच आरपीएमवर फिरणार असेल, तर त्या स्प्रिंगने ताकद वाढत नाही, कॅम आणि रॉकर तेवढे लवकर झिजतात. हाय-लिफ्ट कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) बसवणार असाल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडत नाहीत ना, आणि पिस्टन वर येताना व्हॉल्व्हला लागत नाही ना, हे क्रँक हाताने फिरवून बघितल्याशिवाय किक मारू नका.