दादाच्या आठवणी जमवताना: वहिनीच्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या

घरातलं माणूस गेलं की चार लोक सांगतात, "आठवणी लिहून काढ, मन मोकळं होईल." होईल की नाही ते सोडा, पण लिहायला लगेच बसायची गरज नाही. सुरुवातीला घाई करायचीच असेल तर फोनची करा, कारण तिथं मुदती असतात.

दादा गेल्यावर वहिनीने त्याचा नंबर चालू ठेवला. "आता कशाला?" असं सगळे म्हणत होते, पण तिचंच बरोबर होतं. नंबर बंद झाला की ओटीपी येत नाही आणि मग बऱ्याच ठिकाणी गाडं अडतं. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर साधारणपणे काढून टाकलं जातं. गूगलचं वैयक्तिक खातं सलग २ वर्षं पडून राहिलं तर त्यातल्या फोटो-मेलसकट पुसलं जाऊ शकतं. आयफोनवाल्याने हयातीत 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमून ठेवला असेल तर त्या व्यक्तीला नेमताना मिळालेली 'अ‍ॅक्सेस की' (एक कोड) आणि मृत्यूचा दाखला देऊन बराचसा डेटा मिळतो. नेमला नसेल तरी पिन ओळखायचा खेळ मांडू नका. तशी सेटिंग असेल तर १० चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन सगळं पुसून टाकतो. फेसबुकचं खातं 'स्मृती खातं' करून घेता येतं, मात्र एकदा ते केलं की त्यात कुणालाच लॉगइन करता येत नाही. म्हणून आधी घरच्यांनी एकत्र बसून ठरवा.

तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये आलेले त्याचे मेसेज तुमच्याकडेच राहतात, त्यामुळे सुरुवात तिथून करा. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं चॅट उघडून 'एक्सपोर्ट चॅट' करा, तेही मीडियासकट. आवाजाचे मेसेज ओपस फाइलच्या रूपात येतात आणि काही प्लेअरवर वाजत नाहीत. त्यांची एमपी३ प्रत करून घ्या, पण मूळ फाइल उडवू नका. ते आत्ताच ऐकलं पाहिजे असंही नाही. माझ्याकडे दादाचा एक मेसेज आहे, त्यात तो फक्त "हं, पोचलो. गाडी वेळेवर होती. बाकी काय नाय," एवढंच बोलतो. मला त्याचा खरा आवाज तोच वाटतो. समारंभातलं त्याचं भाषणही आहे रेकॉर्ड केलेलं, पण ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं.

आता मुख्य काम. बायको आणि भावंड यांनी आठवणी एकत्र बसून लिहू नयेत, निदान सुरुवातीला तरी. एकीने सांगितलं की दुसरी मान डोलावते आणि तिची आठवण तिथंच विरते. आम्ही दोघींनी वेगवेगळ्या वह्या केल्या आणि बऱ्याच दिवसांनी एकमेकींना वाचून दाखवल्या.

वहिनीच्या वहीत होतं, की दादाला अंधारात झोप लागायची नाही. पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू लागायचा, आणि ती विचारायची तेव्हा "पाणी प्यायला उठलो तर ठेच नको लागायला," असं सांगायचा. मी ते वाचून चक्रावलेच. लहानपणी रात्री मागच्या अंगणातल्या नळापर्यंत जायची माझी हिंमत नसायची, आणि दादा माझं मनगट धरून, मोठमोठ्याने शाळेतल्या मास्तरांची नक्कल करत मला घेऊन जायचा. माझ्या लेखी तो कशालाच घाबरत नव्हता. त्या नकला वहिनीने कधीच ऐकल्या नव्हत्या. तिच्या संसारातला दादा मुळातच कमी बोलणारा. मग अंगणातला तो मोठा आवाज कुणासाठी होता? माझा अंदाज आहे, पण तो मी वहीत लिहिला नाही. दोन्ही गोष्टी जशा होत्या तशा शेजारी शेजारी ठेवल्या. तुमच्याकडेही असं निघेल. खरं कोण, यावर भांडत बसू नका.

धाकट्या भावंडाला त्याची पहिली काही वर्षं ठाऊक नसतात, त्यासाठी मावशी, आत्या, जुने शेजारी गाठा. वय झालेल्यांकडे आधी जा.

कुणालाही "कसा होता हो तो?" असं विचारू नका. "देवमाणूस" एवढंच उत्तर येतं आणि पुढं गाडी हलत नाही. खिशात काय असायचं? फोन उचलल्यावर पहिला शब्द कोणता? राग आला की बोलायचा की बोलणं सोडायचा? विकत घेऊन कधीच न वापरलेली वस्तू कोणती? असं विचारलं की माणसं सरसावून बसतात. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. एअरप्लेन मोड लावा, पंखा बंद करा आणि फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव-नातं मोठ्याने म्हणा. मध्येच सनावळी दुरुस्त करू नका. माणूस गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा, पुढची गोष्ट बहुतेक तिथूनच निघते.

जुने फोटो सपाट टणक जागेवर पालथे ठेवून, मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. मागची बाजू गुळगुळीत असेल तर पेन्सिल उठत नाही, मग फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा, आणि तेही फोटो आत घालण्याआधी. लहान फोटो ६०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई) स्कॅन करा, मोठ्यांना ३०० पुरतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. आधी पानासकट स्कॅन करा आणि मगच दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. निघत नसेल तर राहू द्या. कॅसेट सापडली तर तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. जुना टेपरेकॉर्डर आधी दुसऱ्या, बिनकामाच्या कॅसेटवर तपासून घ्या.

आमच्या अल्बममध्ये दादा फारसा नाहीच, कारण कॅमेरा त्याच्याच हातात असायचा. एका फोटोत वहिनी उन्हाने डोळे बारीक करून उभी आहे आणि तिच्या पायाशी जमिनीवर त्याची सावली पडलीय, दोन्ही कोपर बाहेर काढलेली. असे फोटो 'यात तो नाही' म्हणून बाजूला टाकू नका. फोटो कुणी काढला तेही मागे लिहा.

वस्तूंबद्दल माझं मत कडक आहे. कपडे, पत्रं, उशाशी ठेवलेल्या गोष्टी यांचा निर्णय बायकोचा. नणंदेने किंवा दिराने त्यात नाक खुपसू नये, आणि "अजून ठेवलंयस?" हे तर अजिबात विचारू नये. आपण हस्ताक्षर शोधावं. दादा कॅलेंडरच्या मागे विजेचे युनिट लिहायचा. सातचा आकडा मध्ये आडवी रेघ मारून काढायचा आणि जास्त बिल आलं की शेजारी उद्गारचिन्ह! त्या पानांचे फोटो काढले आहेत.

लिहिताना जन्मतारखेपासून सुरुवात करू नका, एखाद्या साध्या दिवसापासून करा. 'मनमिळाऊ' लिहिलंत तर त्याखाली एक प्रसंग लिहा. सुचत नसेल तर शब्द खोडा. दोषही येऊ द्या. आमचा दादा अबोला धरण्यात पटाईत होता, ते गाळलं असतं तर घरच्यांनीच त्याला ओळखलं नसतं. बायकोचं लिखाण आणि भावंडाचं लिखाण स्वतंत्र ठेवा, दोन्हींचं मिळून 'आम्ही' करू नका. शोकसभेत वाचायचं असेल तर साधारण ४०० शब्द पुरे, मोठ्या अक्षरात छापलेले. दुसरी प्रत शेजारी बसलेल्याकडे द्या. आवाज फुटला नाही तर तो पुढे वाचेल.

सगळ्याच्या तीन प्रती करा: एक वहिनीकडे, एक तुमच्याकडे, एक ऑनलाइन. फाइलच्या नावात आधी वर्ष घाला, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

आणि फाइल नातेवाइकांना पाठवली की फोन येऊ लागतील, "तसं नव्हतं ते" म्हणून. वाद घालू नका. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून शेवटी जोडत जा. आम्ही दोघींनीही लिहिलं होतं, की दादा सायकल स्वतःच शिकला. त्याचा वर्गमित्र म्हणाला, "छे! मी मागून कॅरिअर धरून पळायचो." दुसरा मित्र म्हणतो, पळणारा तो होता. दोघांचंही लिहून ठेवलंय.