एलएफओ तालातून सुटत होता, तेव्हा

सिंथवर बेसच्या फिल्टरला एलएफओ (एखादं सेटिंग आपोआप वर-खाली हलवत राहणारी संथ लहर) जोडला होता, कटऑफ (ज्याच्या वरचे सूर फिल्टर अडवतो ती सीमा) तालात वर-खाली व्हावा म्हणून. पहिला बार (चार ठोक्यांचा गट) झकास. चौथ्या बारपर्यंत मात्र सगळं उलटं: किक (ड्रमचा जाड ठोका) पडली की फिल्टर बंद! तासभर मी किकच्याच मागे लागलो, लेटन्सीलाही (आवाज उशिरा येण्याला) शिव्या घालून झाल्या.

घोळ साधा होता. एलएफओचा रेट मी हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती आवर्तनं) ठेवला होता, बरोब्बर २. पण २ हर्ट्झ म्हणजे १२० बीपीएम (मिनिटाला ठोके), आणि माझं गाणं १२४ चं, म्हणजे सेकंदाला २.०६७ ठोके. फरक एवढासाच, पण साडेसात सेकंदांत एलएफओ अर्धं आवर्तन मागे पडतो. १५ सेकंदांनी आपोआप जुळतोही, त्यामुळे चूक कधी ऐकू यायची, कधी नाही.

सिंक (एलएफओ गाण्याच्या तालाला बांधणं) चालू करून रेट १/४, म्हणजे ठोक्याला एक आवर्तन, केला. तरी प्रत्येक नोट वेगळ्याच जागेवरून उघडत होती. रिट्रिगर (प्रत्येक नोटला एलएफओ पहिल्यापासून सुरू करणं) चालू केल्यावर ते थांबलं. (पॅडला, म्हणजे मागे रेंगाळणाऱ्या लांब सुरांना, मात्र मी रिट्रिगर बंदच ठेवतो, नाहीतर फार यांत्रिक वाटतं.)

उरली बारीक टकटक. ती एलएफओच्या स्क्वेअर वेव्हच्या (चौकोनी लहरीच्या) अचानक उडीची. गुळगुळीत साइन लहर निवडली, डेप्थ (एलएफओ कटऑफ किती हलवतो ते) थोडी कमी केली, टकटक गेली.