टेकडीवर एक फ्लॅश न्यायचाय? निघायच्या आधी एवढं बघा

कुठला फ्लॅश घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, गाडी लावल्यावर किती चालायचंय? कारण आपण काही स्टुडिओवाले नाही, सोबत असिस्टंट नाही, रविवारी संध्याकाळी एखाद्या मित्राला नाहीतर मावसबहिणीला घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचं आणि दोन तासांत चार फोटो बरे आले तरी खूश. म्हणून माझ्या यादीत पहिली वस्तू आहे घरातला वजनकाटा, खरंच. कॅमेरा, एक लेन्स, फ्लॅश, स्टँड, फ्लॅशचा उजेड मऊ करायची पांढरी छत्री, पाण्याची बाटली सगळं एका सॅकमध्ये भरायचं आणि काट्यावर ठेवायचं, सहा-सात किलोच्या वर गेलं तर तिसऱ्या रविवारी ती सॅक घरीच राहणार हे मी लिहून देतो. ६०० वॉट-सेकंदाचे (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) बॅटरीवाले लाईट भारी असतात, पण नुसता लाईटच तीन किलोच्या आसपास, त्याला तसाच दणकट स्टँड, म्हणजे एक हमाल पण बघा.

पैसे काढायच्या आधी स्वतःच्या कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच, नीट बघा. कॅननच्या १५००डी आणि २००डी मार्क टू या बॉडींना मधली पिनच नाहीये, त्यामुळे एकाच पिनवर चालणारा स्वस्त ट्रिगर (लांबचा फ्लॅश रेडिओने उडवणारी डबी) लावला तर काहीच होत नाही आणि माणूस उगाच फ्लॅशला शिव्या घालतो, त्यांना कॅननसाठीचाच टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानेच ठरवायची सोय) ट्रिगर लागतो. सोनीचा शू वेगळाच. गोडॉक्ससारख्या कंपन्या मॉडेलच्या शेवटी अक्षर लावतात, सी म्हणजे कॅनन, एन निकॉन, एस सोनी, एफ फुजी. आता गंमत अशी की फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता लांब स्टँडवरच ठेवणार असाल तर तो कुठल्या का अक्षराचा असेना, चालतो, पण ट्रिगर मात्र तुमच्या कॅमेऱ्याचाच हवा. सेकंडहँड घेताना हे फार उपयोगी पडतं, लोक निकॉनवाला फ्लॅश स्वस्तात काढतात आणि कॅननवाले त्याच्याकडे बघतही नाहीत. आणि बाबांच्या रोलच्या कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश कपाटात सापडला तर थेट डिजिटलवर चढवू नका, त्यातल्या काहींचं ट्रिगर व्होल्टेज शंभर-दोनशेच्या वर असतं, कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं.

आता ताकद. इथे थोडा हिशोब करावाच लागतो. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं की एक्स्पोजर एफ/११ च्या आसपास येतं (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं तोंड बारीक). छोट्या फ्लॅशच्या बॉक्सवर गाईड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, ६० छापलेला असतो, पण तो फ्लॅशच्या २०० एमएम झूमला, ५० ला तोच साधारण ४२ होतो. ४२ ला फ्लॅश आणि माणूस यांच्यातल्या अंतराने, समजा दोन मीटरने भागा, एफ/२१. बघायला मस्त, पण ही उघड्या फ्लॅशची गोष्ट, त्यावर पांढरी छत्री लावली की दोनेक स्टॉप जातात (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा) आणि आपण येतो एफ/११ वर, म्हणजे फुल पॉवर मारून जेमतेम उन्हाची बरोबरी. वर कुणाला मागचं सगळं धूसर हवं असतं म्हणून एफ/२.८, मग शटर सिंकच्या (फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात वेगवान शटर, इथे १/२००) पलीकडे जातं, हाय स्पीड सिंक, म्हणजे त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय, लावावी लागते आणि त्यात उरलेली ताकदही बरीच जाते. चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे काळसर काच लावून १/२०० वरच राहता येतं, ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी होतात, फक्त डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो आणि ऑटोफोकस कधीकधी चाचपडतो.

माझं साधं उत्तर, दुपारी जाऊच नका. सूर्य टेकला की पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत हाच छोटा फ्लॅश १/८ पॉवरवर आरामात पुरतो. दुपारीच शूट करायची हौस असेल तर गोडॉक्सच्या एडी २०० सारखा २०० वॉट-सेकंदाचा लाईट बघा, साध्या स्पीडलाईटपेक्षा (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) साधारण दीड स्टॉप जास्त मिळतो आणि बॅटरीसकट वजन किलोच्या आत राहतं. टीटीएल नसलं तरी चालेल का असं बरेच जण विचारतात. चालेल. समोरचा माणूस एका जागी उभा आहे, लाईट एका जागी आहे, मॅन्युअलवर दोन टेस्ट शॉट घेतले की काम झालं. गोडॉक्सचा टीटी ६०० मॅन्युअलच आहे आणि स्टँडवर ठेवून रेडिओ ट्रिगरने उडवला की हाय स्पीड सिंकही देतो, नवशिक्याला बास.

सेल. डबल ए वाला फ्लॅश असेल तर चार-चार रिचार्जेबल सेलचे दोन सेट, निकेल मेटल हायड्राइडवाले, आणि मार्करने त्यांच्यावर अ आणि ब लिहून टाका म्हणजे जुना-नवा सेल मिसळत नाही. किराणा दुकानातले साधे अल्कलाइन एकदम अडचणीतच, कारण फुल पॉवरला दोन फ्लॅशच्या मध्ये इतका वेळ लागतो की समोरच्याचं हसू विरतं. लिथियम बॅटरीवाले फ्लॅश दीड-दोन सेकंदांत तयार होतात, जास्तीचे पैसे तिथेच वसूल. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये टाकायच्या नाहीत.

छत्री की सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड असलेला, उजेड मऊ करणारा डबा) हा वाद आहे, पण टेकडीवर वारा असतो हे लक्षात ठेवा. छत्री स्वस्त, हलकी, मिनिटात उघडते आणि मिनिटात उडते. माझी उडाली. स्टँडसकट आडवी झाली आणि फ्लॅशचा पाय मोडला, छत्री मात्र मजेत झुडपात जाऊन बसली. तेव्हापासून मी साठ सेंटीमीटरचा घडीचा सॉफ्टबॉक्स नेतो, एस टाईप ब्रॅकेटवर (स्टँडवर बसणारा चिमटा) फ्लॅश आडवा पकडायचा म्हणजे सगळं वजन त्या बिचाऱ्या प्लॅस्टिकच्या पायावर येत नाही. स्टँडला खाली सॅक लटकवायची नाहीतर कापडी पिशवीत दोन दगड घालायचे, टेकडीवर दगडांना तोटा नाही. आणि वारा सुटलाच तर स्टँड गेला खड्ड्यात, मोनोपॉडच्या टोकाला फ्लॅश लावून सोबतच्या मित्राच्या हातात द्यायचा, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार स्टँड, फक्त नंतर त्याला मिसळ चारायची.

पुरातत्त्व खात्याच्या जागांवर मात्र ट्रायपॉड-स्टँडला आधी परवानगी लागते, गेटवर जाऊन वाद घालू नका.

आदल्या रात्री सगळं एकदा घरातच जोडून उडवून बघायचं, हे मी सगळ्यात जास्त वेळा टाळलंय आणि सगळ्यात जास्त वेळा पस्तावलोय. फ्लॅश महिनोन् महिने पडून असेल तर दहा-पंधरा वेळा फुल पॉवरला उडवा, आतल्या कपॅसिटरला जाग येते. ट्रिगर आणि फ्लॅश एकाच चॅनेलवर, एकाच ग्रुपवर आहेत ना बघा, आणि चॅनेल १ सोडून दुसराच घ्या, कारण शेजारी प्रीवेडिंगवाले असतातच आणि सगळ्यांचा चॅनेल १ असतो, एकदा त्यांच्या प्रत्येक क्लिकला माझा फ्लॅश उडत होता आणि नवरदेव माझ्याकडे बघायला लागला. हाय स्पीड सिंक लावलेलं नसेल तर शटर १/२०० च्या वर गेलेलं नाही ना तेही बघा, गेलं की फोटोत खाली काळा पट्टा येतो.

बाहेरच्या खिशात नारिंगी सीटीओ जेलचा (फ्लॅशवर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) तुकडा ठेवा, मावळतीला सगळं पिवळं-केशरी असतं आणि फ्लॅश मात्र दुपारच्या उन्हासारखा पांढरा, मग चेहरा वेगळाच चिकटवल्यासारखा दिसतो, अर्धा सीटीओ लावला की मिसळतो. सोबत गॅफर टेप (कापडी चिकटपट्टी), कपडे वाळत घालायचे चार चिमटे, टिश्यू पेपर. टिश्यू चेहऱ्यासाठी, चढून आल्यावर घाम असतोच आणि फ्लॅशमध्ये तो कपाळावर आरशासारखा चमकतो, नंतर एडिटिंगमध्ये तासभर घासण्यापेक्षा आधी टिपून घ्या. चष्मा असेल तर लाईट वर चढवा आणि थोडा बाजूला घ्या, काचेतला पांढरा चौकोन जातो.

आणि टॉर्च. परत उतरताना अंधार झालेला असतो, आणि एडी २०० वर असेल तेवढा मॉडेलिंग लाईट (सतत चालू राहणारा छोटा दिवा) पेटवून उतरलात तर बॅटरी पुढच्या रविवारी हमखास रिकामी मिळते.