मोडी शिकायचीय? आधी घरातली ट्रंक उघडा

मी मोडीच्या, म्हणजे मराठीच्या जुन्या वळणदार लिपीच्या, वर्गात नाव घातलं तेव्हा एकोणसाठ पूर्ण झाली होती. जाऊबाई म्हणाल्या, "आता कशाला गं?" कारण एकच होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत सासऱ्यांनी जिवापाड जपलेला एक कागद होता आणि तो वाचू शकेल असं घरात कुणी उरलं नव्हतं.

म्हणून शिकू पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: फी भरायच्या आधी आपला एक कागद शोधा. खरेदीखत, गहाणखत, जुनी चोपडी, काहीही चालेल. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती, त्यामुळे गावाकडच्या घरी काही ना काही सापडतं. मूळ कागद घडीवर फाटतो. फोटो काढून मोठी प्रत छापून घ्या, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.

वर्ग बऱ्याच ठिकाणी असतात, पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात. कुठेही जा, पण जुनी पत्रं वाचायला देतात का, हे आधी विचारा. नुसत्या मुळाक्षरांवर थांबलात तर महिन्याभरात सगळं विसराल.

आता सरावाचं. आपण देवनागरीत अक्षर काढतो आणि मग वर रेघ देतो. मोडीत उलट. आधी पट्टीने या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघा आखायच्या, मग अक्षरं खालून टांगायची, आणि हात शक्यतो उचलायचा नाही. एक अक्षर संपतं तिथूनच पुढचं वळण सुरू होतं. हे डोळ्यांनी पाठ होत नाही, ते बोटांत उतरावं लागतं. म्हणून रोज अर्धा तास लिहाच. मी दुपारच्या चहाआधी बसायचे. पहिले पंधरा दिवस फक्त घरातल्यांची नावं लिहिली, कारण आपल्या माणसाच्या नावात चूक झाली की लगेच कळते.

वाचताना दोन गोष्टी अडवतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि 'र' शेजारचं अक्षर बघून रूप बदलतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळलेला नसतो. अशा वेळी ओळ मोठ्याने वाचा. कानाला शब्द आधी सापडतो, मग डोळ्यांना दिसतो.

मला सगळ्यात गोडी लागली ती सालांची. पेशवेकालीन पत्रांत सुहूर सन, म्हणजे तेव्हाचं सरकारी वर्ष, अरबी शब्दांत, एकंपासून वर मोजत लिहितात. 'तिसा खमसैन मया अलफ' म्हणजे नऊ, पन्नास, शंभर, हजार: ११५९. हा सन मृगाला बदलतो. त्यामुळे इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रासाठी ५९९ मिळवायचे, पुढच्या महिन्यांसाठी ६००. म्हणजे १७५८ किंवा १७५९. पेरणीच्या तोंडावर सरकारी वर्ष सुरू व्हायचं, हे समजलं त्या दिवशी मी घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले.

परीक्षा द्यायची तर द्या, मी दिली नाही. मला घाई नव्हती, आणि या वयात शिकण्याचं खरं सुख तेच आहे. एका ओळीवर आठवडा घालवला तरी कुणी विचारत नाही.

चौथ्या महिन्यात ट्रंकेतला कागद पुढ्यात घेतला. गहाणखत निघालं. चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी, वाचता आल्या, आण्यांत लिहिलेले हिस्से लागले, आणि खाली एका ओळीवर तीन दिवस अडले. मोठ्याने वाचता वाचता अचानक शब्द सुटे झाले: 'चिंचेची झाडे दोन'.

त्यातलं एक विहिरीपाशी अजून उभं आहे. दर वर्षी आम्ही त्याच्याच चिंचा फोडून मीठ लावून ठेवतो.