रिमूव्ह, डिलीट, इरेझ, एलिमिनेट... कुठे काय वापरायचं?

मराठीत आपलं 'काढणे' एका शब्दावर सगळं भागतं, बूट काढा, दात काढा, यादीतून नाव काढा (आणि पोरीने घराण्याचं नाव काढलं तर ते कौतुक, ते वेगळंच). इंग्रजी लिहायला बसलं की मात्र गडबड होते, कारण डिक्शनरीत सगळ्यांपुढे 'काढून टाकणे' एवढंच लिहिलेलं असतं. पाठांतराच्या नादी लागू नका, एकच बघा, काढल्यावर ती गोष्ट उरते का आणि उरली तर कुठे.

रिमूव्हमध्ये ती उरते, नुसती जागा सोडते. डिलीटमध्ये जाते. आयफोनवर अल्बममधला फोटो उडवायला गेलात की तो विचारतो, अल्बममधून रिमूव्ह करू की डिलीट करू, पहिलं दाबलं तर फोटो लायब्ररीत जसाच्या तसा राहतो, दुसरं दाबलं तर तिथूनही गेला, म्हणजे 30 दिवस रिसेंटली डिलीटेडमध्ये पडून असतो पण त्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय डिलीट हे लिहिलेल्या किंवा साठवलेल्या गोष्टींनाच चालतं, शब्द, फाइल, मेसेज. बूट डिलीट होत नाहीत.

इरेझ म्हणजे पुसणं, फळा, पेन्सिलची रेघ, टेप, आठवणसुद्धा. आणि ओमिट म्हणजे आधीपासूनच वगळलेलं, आत आलंच नाही तर डिलीट काय करणार!

खरी गंमत एलिमिनेट आणि इरॅडिकेटची. इरॅडिकेटच्या पोटात लॅटिनमधला 'मूळ' या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे मुळासकट उपटणं, मुळ्याला रॅडिश म्हणतात तेही त्यातलंच. आरोग्यवाले हा फरक काटेकोर पाळतात: एखाद्या देशातून किंवा भागातून रोगाचा प्रसार थांबला तर एलिमिनेट, सगळ्या जगातून गेला तरच इरॅडिकेट. देवीचा रोग इरॅडिकेट झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्ये जाहीर केलं, पोलिओ बऱ्याच देशांतून एलिमिनेट झालाय पण इरॅडिकेट अजून नाही. त्यामुळे घरातली झुरळं इरॅडिकेट केली असं लिहिलंत तर जरा जास्तच होतं, तिथे सरळ गेट रिड ऑफ म्हणा, त्यात 'सुटलो बुवा एकदाचे' हा वैतागही येतो. फक्त ऑफिसच्या मेलमध्ये माणसांबद्दल वापरू नका, फार उर्मट वाटतं.

अबॉलिश प्रथा आणि व्यवस्थांसाठी, रिपील कायद्यासाठी. अमेरिकेत 1865 मध्ये गुलामगिरी अबॉलिश झाली, 1933 मध्ये दारूबंदीची घटनादुरुस्ती रिपील झाली.

एक्स्ट्रॅक्टमध्ये ओढून किंवा पिळून काढणं येतं आणि बहुतेक वेळा काढलेलंच हवं असतं, तेल, डेटा वगैरे, दात तेवढा अपवाद. विड्रॉ मात्र ज्याचं त्यानेच करायचं, स्वतःचा अर्ज, स्वतःची तक्रार, स्वतःच्या खात्यातले पैसे. दुसऱ्याचा अर्ज तुम्ही विड्रॉ करत नाही, रिजेक्ट करता.