कर्करोगाच्या उपचारांत तोंड आल्यास लेझर उपचार कसा घ्यावा

केमोथेरपीमुळे किंवा डोके-मानेवरील रेडिएशनमुळे तोंडाचे आतील नाजूक अस्तर सोलवटते आणि पाणी गिळणेही कठीण होते. अशा वेळी कमी शक्तीच्या लेझरचा उपयोग होतो. हा लेझर कापत किंवा भाजत नाही. साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश पेशींतील मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक) शोषून घेतात आणि त्यातून दाह व वेदना कमी होण्यास मदत होते.

मात्र फोड येण्याची वाट पाहू नये, कारण या पद्धतीचा खरा लाभ प्रतिबंधात आहे; म्हणून उपचारांची तारीख ठरतानाच कर्करोगतज्ज्ञांकडे हा विषय काढावा. तोंडातच गाठ असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण गाठीवर थेट प्रकाश टाकणे सहसा टाळले जाते. लेझर घेण्यापूर्वी कवळी काढून चूळ भरावी. संरक्षक चष्मा रुग्णाने लावावाच, आणि उपचार देणाऱ्यानेही. गाल, ओठ, जिभेच्या कडा अशा एकेका जागी काही सेकंद प्रकाश दिला जातो. रेडिएशनच्या काळात हे बहुधा रोज करावे लागते, आणि थकलेल्या रुग्णाला ते जड जाते हे खरे. मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा मात्र सोबत चालूच ठेवाव्यात. ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.