घरच्या सुतारकामाच्या खोलीत धूळ कशी पकडायची: आधी हवेचं गणित, मग मशीन

डस्ट कलेक्टर, म्हणजे पंख्याने मशीनमधला भुसा आणि धूळ खेचून पिशवीत जमा करणारं यंत्र, कुठला घेऊ, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि माझ्या मते तो चौथा-पाचवा प्रश्न आहे. आधी बघायचं की तुमच्या मशीनला हवा किती लागते आणि त्या हवेच्या वाटेत अडथळे किती आहेत. हे दोन नीट बसलं तर साधा कलेक्टरही मस्त काम करतो, नाही बसलं तर महागातला आणूनही टेबलावर भुसा तसाच.

अजून एक, सुरुवातीलाच. ढलप्या आणि जाड भुसा हा खरा वैरी नाही, तो दिसतो, पडतो, झाडून काढता येतो. त्रास आहे तो दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालच्या धुळीचा, जी डोळ्याला दिसत नाही, मशीन बंद केल्यावरही तासन्‌तास हवेत तरंगते आणि थेट फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ 'माणसात कॅन्सर करते हे नक्की' अशा पहिल्या गटात टाकली, मुख्यतः नाक आणि सायनसच्या कॅन्सरमुळे. तो अभ्यास वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांचा होता, म्हणजे रविवारी एक स्टूल बनवणाऱ्याने घाबरून जायची गरज नाही, पण लहान बंद खोलीत धूळ लवकर दाटते हेही खरं.

पायरी १: कुठल्या मशीनला किती हवा, ते लिहून काढा

हवेचं माप सीएफएममध्ये असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. टेबल सॉ, जॉइंटर, बँड सॉ यांना किमान ३५० ते ४००, थिकनेस प्लॅनरला त्याहून जास्त कारण तो ढलप्यांचा ढीग टाकतो. हे आकडे ढलप्या उचलण्यापुरते आहेत. बारीक धूळही पकडायची असेल तर जवळजवळ दुप्पट धरा. हातातला ऑर्बिटल सँडर, राउटर, ट्रॅक सॉ यांची गोष्ट वेगळी, त्यांची तोंडं बारीक असतात आणि धूळ तिथेच कोंडलेली असते, त्यामुळे शंभर-सव्वाशे सीएफएममध्ये काम होतं.

यादीतल्या सगळ्या मशीनची बेरीज करू नका. घरी एकटा माणूस एका वेळी एकच मशीन चालवतो, म्हणून सगळ्यात जास्त हवा मागणारं जे मशीन असेल तोच तुमचा आकडा.

पायरी २: शॉप व्हॅक्युम की डस्ट कलेक्टर

दोन्ही हवा खेचतात पण स्वभाव पूर्ण उलटे. शॉप व्हॅक्युमचा, म्हणजे वर्कशॉपमधल्या दणकट व्हॅक्युम क्लीनरचा, खेचायचा दाब जबरदस्त, पाण्याच्या ६०-८० इंचांच्या घरात (नळीतलं पाणी किती इंच वर खेचता येईल, हे त्याचं माप), पण हवा कमी, शंभर-दीडशे सीएफएम. डस्ट कलेक्टर भरपूर हवा हलवतो पण दाब त्याला जमत नाही, दहा इंचांच्या आसपास दमतो. म्हणून सँडरला व्हॅक्युम आणि मोठ्या मशीनला कलेक्टर. टेबल सॉच्या चार इंची तोंडाला व्हॅक्युम लावला तर भुसा खालीच साठत राहतो, आणि कलेक्टरला अडॅप्टर लावून सँडरची बारीक नळी जोडली तर त्याचा श्वासच कोंडतो. हे दुसरं लोक सर्रास करतात आणि मग कलेक्टर बेकार आहे म्हणतात.

बॉक्सवर छापलेला सीएफएम आकडा बघून खरेदी करू नका. तो बऱ्याचदा पाईप, फिल्टर काहीच न लावता मोजलेला असतो, प्रत्यक्ष जोडणीत अर्ध्याच्या जवळपास हातात येतो असं धरून चाला. कंपनी फॅन कर्व्ह देत असेल, म्हणजे किती अडथळ्याला किती हवा याचा आलेख, तर त्यावर विश्वास ठेवा, आणि देत नसेल तर इंपेलरचा, म्हणजे आतल्या पंख्याचा, व्यास आणि मोटरचा एचपी बघा, हे दोन आकडे फारसं खोटं बोलू शकत नाहीत. एकाच मशीनला छोटा होज लावून वापरायचं असेल तर १ ते दीड एचपी चालतो, खोलीभर पाईप फिरवायचा असेल तर २ ते ३ एचपीच्या खाली जाऊ नये.

पायरी ३: पाईप (इथे सगळा खेळ आहे)

हवेचा वेग साधारण मिनिटाला ४००० फूट असला की भुसा पाईपमधून उडत जातो, त्याच्या बराच खाली गेला की आडव्या पाईपच्या तळाशी बसायला लागतो. आता या वेगाने चार इंची पाईपमधून जाते ३५० सीएफएम हवा, पाच इंचीतून साधारण ५४५, सहा इंचीतून ७८५. म्हणजे तुमचा कलेक्टर कितीही दणकट असो, चार इंची पाईपमधून ८०० सीएफएम मागितलेत तर वेग दुपटीच्या वर न्यावा लागतो, आणि घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, वेग दुप्पट की अडथळा चौपट. कलेक्टरकडे एवढा दाब नसतोच.

पण म्हणून छोट्या कलेक्टरला सहा इंची पाईप लावणं हाही शहाणपणा नाही, तिथे हवा संथ होते आणि भुसा वाटेत बसतो. दीड एचपीला चार किंवा पाच इंची, मोठ्याला सहा इंची, आणि मशीनच्या तोंडापर्यंत शक्य तितका तोच व्यास न्या. शेवटी अडीच इंची अडॅप्टर लावला की क्षेत्रफळ चार इंचीच्या अडीच पट कमी होतं आणि मागे सहा इंची पाईप असून काही उपयोग नाही. काही मशीनचं तोंडच छोटं असतं, तिथे तोंड कापून मोठं करणं हा खरा उपाय, पण वॉरंटीचं बघून.

बाकी पाईपचे नियम भराभर सांगतो:

- गुंडाळीचा होज शक्य तितका छोटा. आतून सुरकुतलेला असतो म्हणून गुळगुळीत पाईपच्या दुप्पट-तिप्पट अडथळा करतो. मशीन हलवायला लागतो तेवढाच ठेवा, उरलेला कापून टाका, 'असू दे कधीतरी लागेल' म्हणून गुंडाळून ठेवू नका.
- नव्वदचा कोपरा म्हणजे पाच-सहा फूट सरळ पाईप वाढवल्यासारखं. पंचेचाळीसचे दोन एल्बो, मध्ये थोडा सरळ तुकडा, हे बरं.
- फांदी काढायला टी नको, वाय घ्या, हवेच्या दिशेने झुकलेला. आणि फांदी मुख्य पाईपला बाजूने किंवा वरून जोडा, खालून जोडली तर वरचा भुसा बंद फांदीत पडून साठतो.
- पाईप स्क्रूने जोडले तर टोकं आत येऊ देऊ नका, लांब ढलप्या त्यालाच अडकतात आणि तिथून तुंबायला सुरुवात होते.
- प्रत्येक मशीनजवळ ब्लास्ट गेट, म्हणजे फांदी बंद करायची सरकती झडप, एका वेळी एकच उघडं.

सगळे गेट बंद राहिले तर मोटर जळेल अशी भीती खूप जणांना असते, खरं तर उलट आहे, हवाच हलत नाही तर पंख्याला काम कमी आणि करंटही कमी लागतो. ओव्हरलोडचा धोका पाईप काढून मोकळ्या तोंडाने चालवण्यात जास्त. तरी बंद गेटवर तासभर चालू ठेवायचं काही कारण नाही.

पीव्हीसी पाईपमधल्या स्टॅटिकमुळे (घर्षणाने साठणाऱ्या विजेमुळे) घरी स्फोट होतो ही चर्चा मात्र जरा जास्तच झालीये. झटका बसतो, तो टाळायला तांब्याची तार गुंडाळून मशीनच्या अर्थिंगला जोडा आणि विषय संपवा. खरी आग लागते ठिणगीने. लोखंड ग्राइंड केलेलं कधीही कलेक्टरमध्ये ओढू नका, आणि खिळे असलेलं जुनं लाकूड कापताना सावध, कारण खिळा धातूच्या इंपेलरवर आपटला तर ठिणगी पडू शकते आणि ती नंतर पिशवीतल्या भुशात गपचूप धुमसत राहते.

पायरी ४: धूळ निघते तिथेच पकडा

फुंकर मारून मेणबत्ती दूरवरून विझते, पण श्वास आत ओढून विझवून बघा. कारण खेचताना हवा सगळ्या बाजूंनी येते. पाईपच्या तोंडापासून एक व्यास अंतरावर, म्हणजे चार इंची पाईप असेल तर चार इंचांवर, वेग तोंडाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही उरत नाही. त्यामुळे 'जवळपास' लावलेला होज म्हणजे न लावलेलाच.

म्हणून कोंडायचं. टेबल सॉची खालची कॅबिनेट बंद करा, मोटरच्या भोवतीची भोकं झाका, पण सगळीच नको, कारण जेवढी हवा बाहेर ओढायची तेवढी आत यायला वाट हवी, पूर्ण सील केलेल्या पेटीतून हवा वाहतच नाही. आणि खालून कितीही ओढा, ब्लेडचे दात वरच्या बाजूनेही धूळ तुमच्याकडे फेकतात, विशेषतः कडेची पातळ पट्टी कापताना, तिथे ब्लेडच्या वर हूडवाला गार्ड आणि त्याला वेगळा होज हाच उपाय. मायटर सॉ (वरून खाली येऊन लाकूड आडवं कापणारी करवत) हा सगळ्यात वाईट गडी, त्याच्या मागे तीन बाजूंनी बंद पेटी बांधून तिला मोठा पाईप लावला तरी काही ना काही निसटतंच, तेवढं मान्य करून टाका.

पायरी ५: सेपरेटर लावायचा का

ढलप्या फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच डब्यात पडाव्यात यासाठी सेपरेटर, त्यातला नेहमीचा प्रकार सायक्लोन, जो हवा गोल फिरवून जड भुसा खाली पाडतो. व्हॅक्युमला तर नक्कीच लावा, त्याचा फिल्टर काही मिनिटांत चोंदतो आणि सायक्लोनने तो बराच काळ मोकळा राहतो, आणि दाब भरपूर असल्यामुळे सायक्लोनमध्ये थोडा खर्च झाला तरी जाणवत नाही. फक्त खालचा डबा जाड घ्या, पातळ प्लास्टिकचा असला की होज तुंबताच आत चिमटतो. झाकण हवाबंद हवं, तळाला जरा जरी गळती असली तर खाली बसलेली धूळ परत वर उचलली जाते.

छोट्या कलेक्टरला सेपरेटर लावावा की नाही यावर मात्र माझं मत नाही असंच आहे. आधीच दाब कमी, त्यातला दोन-तीन इंच तिथे गेला तर मशीनवरची हवाच कमी होते. त्यापेक्षा पिशवी वेळेवर रिकामी करा.

पायरी ६: फिल्टर

जुन्या पद्धतीची ३० मायक्रॉनची कापडी पिशवी असेल तर ती आधी बदला. तिने ढलप्या अडतात आणि बारीक धूळ खोलीभर फवारली जाते, कलेक्टर नसता तर ती निदान एका कोपऱ्यात राहिली असती. एक मायक्रॉन किंवा त्याहून चांगला प्लीटेड कार्ट्रिज घ्या, घड्यांमुळे क्षेत्रफळ मोठं आणि अडथळाही कमी. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा, व्हॅक्युमला तो सहज मिळतो.

फिल्टरऐवजी हवा सरळ घराबाहेर सोडता आली तर उत्तमच, अडथळा गेला आणि बारीक धूळही गेली. पण मिनिटाला ७०० घनफूट बाहेर टाकताय तर तेवढीच कुठून तरी आत येणार, खिडकी उघडी ठेवा. घरात चिमणीवाला गॅस गिझर किंवा शेगडी असेल तर बंद खोलीत हा प्रकार करूच नका, चिमणीतून उलटी हवा खेचली जाऊन कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो.

निसटलेल्या धुळीसाठी छताला एअर क्लीनर टांगतात, तो ठीक आहे. हिशोब सोपा, तासाला खोलीची हवा आठ वेळा फिरली पाहिजे. १० बाय १२ ची, ९ फूट उंच खोली म्हणजे १०८० घनफूट, गुणिले ८ भागिले ६०, साधारण १४५ सीएफएम. पण तो काम झाल्यावरची धूळ काढतो, तुमच्या नाकासमोरची नाही, म्हणून त्याच्या भरवशावर मास्क काढू नका.

पायरी ७: चाललंय का ते तपासा

दिवे घालवा, एक बारीक झोताचा टॉर्च ब्लेडच्या आडवा लावा आणि एकाने कापताना दुसऱ्याला बघायला बाजूला उभं करा. तरंगणारी धूळ झोतात लगेच दिसते आणि कुठून निसटते तेही कळतं. गळती शोधायला टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक जोडाजवळ धरा, आत ओढली गेली की तिथे सिलिकॉन किंवा टेप.

फिल्टर कधी साफ करायचा हे अंदाजाने ठरवू नका. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर ठोका, अर्धी पाण्याने भरा, एक टोक फिल्टरच्या आधीच्या भागात छोटं भोक पाडून घट्ट बसवा, दुसरं मोकळं. मशीन चालू केलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक इंचात मोजा आणि नवा फिल्टर असताना खूण करून ठेवा. फरक त्या खुणेच्या दुप्पट झाला की साफ करा, कॉम्प्रेसरची हवा बाहेरून आत मारून, जोर कमी ठेवून, नाहीतर घड्या फाटतात. हे काम आणि पिशवी रिकामी करणं दोन्ही उघड्यावर आणि एन९५ मास्क लावून, कारण आठवडाभर पकडलेली सगळी बारीक धूळ त्या पाच मिनिटांत परत हवेत यायला बघते. पॉलिश किंवा तेलाचं फडकं मात्र त्या भुशाच्या डब्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं चुरगळलेलं फडकं आपोआप तापून पेटतं, ते मोकळं पसरून वाळवा.